दोनशे बारा दिवस

"ओ गार्डसाहेब! गाडी जिवंत आहे का गेली, तेवढं तरी सांगा. आम्हाला आंघोळ करून मोकळं होता येईल!"

गुट्टे सर खडी तुडवत शेवटच्या डब्याकडे निघाले होते आणि त्यांच्या मागे आम्ही सात-आठ जण. एप्रिल महिना, सकाळचे नऊ वाजून पाच मिनिटं. निमटेक नावाच्या त्या स्टेशनात फलाट नव्हता, सावली नव्हती. नळ होता, पण त्याला पाणी नव्हतं. होती ती एक बाजूची लाइन, आणि तिच्यावर आमची पॅसेंजर आठ वाजून दहा मिनिटांपासून उभी. तेवढ्या वेळात शेजारून एक कोळशाची मालगाडी गेली, एक एक्स्प्रेस गेली, आणि मग आणखी एक मालगाडी गेली. ती रिकामी होती. नुसती हवा भरून चालली होती. त्या हवेला आमच्यापेक्षा घाई होती.

गार्ड दारात बसून पोहे खात होता.

"सिग्नल नाही," तो म्हणाला.

"कधी मिळणार?"

"मिळाला की दिसेल."

"अहो, आम्हाला दहाला मस्टरवर सही करायचीय!"

"मला घरी जायचंय साहेब. कालपासून ड्यूटीवर आहे. तुम्ही मला सांगता, मी कुणाला सांगू?"

गुट्टे सर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचे आणि आमच्या प्रवासी संघाचे अध्यक्ष होते. त्यांना समोरचा भांडला तर चेव यायचा. समोरचा रडायला लागला की त्यांची पंचाईत व्हायची. ते परत फिरले.

"टेकाळे, नोंद घ्या!" त्यांनी मला हुकूम सोडला.

नोंद मी घेतलीच होती. मी पाटबंधारे खात्यात आवक-जावक लिपिक. बाहेरून आलेल्या प्रत्येक कागदाला नंबर द्यायचा, तारीख टाकायची, तो कुणाच्या टेबलावर गेला ते लिहायचं, आणि गेलेल्या प्रत्येक कागदाची स्थळप्रत, म्हणजे आपल्याकडची नक्कल, फायलीला लावायची. चोवीस वर्षं हेच केलं की माणूस घरी आलेल्या पाहुण्यालाही मनातल्या मनात नंबर देतो. गाडीसाठी मी वेगळी वही घातली होती. जाड पुठ्ठ्याची, शिवलेली, पानांना नंबर घातलेली. तारीख, गाडी कुठे थांबली, किती वाजता हलली, जिल्ह्याला किती वाजता टेकली. रेल्वेवरचा माझा सगळा राग त्या वहीत सुवाच्य अक्षरात होता.

डब्यात येऊन बसलो. समोरच्या खिडकीशी इंदू काळदाते. मांडीवर थर्मासची पेटी, मनगटावरच्या घड्याळावर नजर. जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत ती कंत्राटी तंत्रज्ञ होती. गावोगावच्या विहिरींचं नि हातपंपांचं पाणी बाटल्यांतून यायचं. ते पिण्याजोगं आहे का, हे ती ठरवायची.

"आज हा कितवा, ताई?" बापू शेवाळेनं विचारलं. बापू भूमी अभिलेखला होता. जमिनी मोजून मोजून त्याला माणसांचीही हद्द कळायची.

"चौथा."

"म्हणजे कोटा संपला की."

"चिठ्ठी असली की माफ असतो. टेकाळेभाऊ देतील."

तिच्या करारात एक कलम होतं. वर्षात तीनपेक्षा जास्त वेळा उशीर झाला तर पुढची ऑर्डर नाही. उशीर गाडीमुळे झाला आणि तसा रेल्वेचा कागद आणला, तर तो उशीर धरायचा नाही. तिची ही पाचवी ऑर्डर. पाच ऑर्डरी सलग झालेल्या लोकांना कायम करायचा निर्णय त्याच वर्षी निघाला होता. ऑर्डरीची मुदत तीस जूनला संपत होती. एक जुलैची ऑर्डर हातात पडली की ती सरकारी नोकर. नाही पडली की पाच वर्षं पाण्यात. नवऱ्याचं सायकलचं दुकान होतं नि गावात आता सायकली उरल्या नव्हत्या.

गाडी नऊ अडतीसला हलली. जिल्ह्याला अकराला दहा कमी असताना पोचली. नऊ पंचवीसची वेळ, म्हणजे पंच्याऐंशी मिनिटं. मी लिहिलं.

आता चिठ्ठीचं सांगतो, कारण सगळं त्यातच आहे.

गाडी लेट झाली की जिल्ह्याच्या स्टेशनमास्तरानं तसा दाखला द्यायचा, अशी सोय होती. मास्तर होते येरावार. भला माणूस, मधुमेही, सदा घाईत. सुरुवातीला ते प्रत्येकाला हातानं लिहून द्यायचे. पन्नास माणसं खिडकीशी रांग लावायची, रांगेतच आणखी अर्धा तास जायचा, मग त्या अर्ध्या तासासाठी पुन्हा भांडण. एक दिवस येरावार कंटाळले. माझं अक्षर त्यांनी पाहिलेलं होतं.

"टेकाळेसाहेब, तुम्ही सरकारी माणूस. हे पॅड घ्या. सही-शिक्का मी करून ठेवतो, नाव नि मिनिटं तुम्ही गाडीतच भरत चला. माझा जीव वाचवा."

म्हणजे कोरी पानं, खाली सही, शिक्का. कार्बन घालून दोन प्रती. वरची माणसाला, खालची माझ्या फायलीत. मी त्या चिठ्ठ्यांना जावक क्रमांकही टाकायचो. रेल्वेनं सांगितलं नव्हतं, हाताला सवय.

पहिले दोन-तीन महिने सगळं खरं चाललं. मग एकदा बापू म्हणाला, "टेकाळे, काल मेव्हण्याच्या साखरपुड्यातून निघायलाच उशीर झाला. एक द्या की फाडून. गाडी परवा लेट होती, काल नव्हती. त्या मास्तराला तरी कुठं आठवतंय!"

मी दिली. त्यानंतर दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी सहा दिल्या. क्रिकेटची मॅच होती तेव्हा अकरा. गुट्टे सरांची सकाळची शिकवणी सुरू झाली तसे ते आठवड्यातून एकदा मागच्या बसनं यायला लागले. "टेकाळे, आपल्या हक्काचं आहे हे," ते म्हणायचे. "ते आपले तास खातात, आपण त्यांच्या मिनिटांवर हात मारतो." बोलणं ऐकून बरं वाटायचं. मी स्वतःही घेतल्या. बायकोला दवाखान्यात नेलं तेव्हा घेतली, मग नुसता डोळा लागला होता तेव्हाही घेतली. आणि खरं सांगायचं तर लोक माझ्याकडे हात पसरून यायचे याचा मला आनंद व्हायचा. ऑफिसात माझ्याकडे कोणी बघत नसे. गाडीत मी खिडकीजवळच्या जागेचा मालक होतो.

फक्त वही खोटी लिहायला हात वळेना. गाडी वेळेवर आली असेल तर वहीत वेळेवरच. आणि त्या दिवशी कोणी चिठ्ठी नेली असेल तर त्याचं नाव पुढे, नावावर लाल टिंब. हे मी कशासाठी करत होतो, विचारू नका. सांडपाण्याचा हिशेब ठेवणारीही माणसं असतातच.

इंदूला मी एकदा आपणहून चिठ्ठी देऊ केली होती. जानेवारीत तिचा मुलगा गोवरानं फणफणला होता, ती दुपारच्या बसनं आली. परतीच्या गाडीत मी पॅड काढलं.

"नको भाऊ. गाडी वेळेवर होती आज."

"कोण विचारतंय?"

"आज कोणी नाही विचारणार. पण उद्या खरंच लेट झाली नि तुमची चिठ्ठी बघून आमचे साहेब हसले तर? हा एक माझ्या नावावर राहू द्या. तीन चालतात मला."

बापू म्हणाला, "पाणी तपासतात ना, म्हणून गाळून पितात!"

ती हसली. मला मात्र त्या दिवशी पॅड पिशवीत परत ठेवताना उगीच राग आला. तिचा.

निमटेकच्या त्या एप्रिलच्या दिवसानं आमचा बांध फुटला. दोन दिवसांनी पुन्हा चाळीस मिनिटं, चौथ्या दिवशी पुन्हा एक तास. गुट्टे सरांनी पत्रकं काढली. आम्ही जिल्ह्याच्या स्टेशनावर रुळांवर बसलो. पोलीस आले, फोटो निघाले. शेवटी निरोप आला की विभागाचे मोठे अधिकारी सोळा मेला तपासणीला येतायत, त्यांच्या खास डब्यात पाच जणांचं शिष्टमंडळ भेटेल.

पाचांत मी होतो, बापूही होता. गुट्टे सर म्हणाले, "भाषण मी करतो. पुरावा तुम्ही."

त्या डब्यात पंखा होता, थंड पाण्याचा जग होता, आणि टेबलावर टाचणीएवढाही कचरा नव्हता. अधिकारी चाळिशीचे, चष्मा, आवाज इतका हळू की आपणच पुढे वाकावं. येरावार मास्तर कोपऱ्यात हात बांधून उभे. त्यांनी माझ्याकडे बघून ओळखीचं हसू दिलं.

गुट्टे सर वीस मिनिटं बोलले. माणसं, जनावरं, लोकशाही, सगळं झालं. अधिकारी मान हलवत होते. मग म्हणाले, "तुमचा त्रास मला कळतो. आमच्या माहितीनुसार ही गाडी बरेचदा उशिरा धावते, हे खरं आहे. सुधारणा करू."

"बरेचदा?" मी उठलो. इतक्या वर्षांत मी कुठल्या साहेबासमोर आवाज चढवला नव्हता. "बरेचदा म्हणजे किती, साहेब? वार आणि तारीख सांगू? माझी माणसं खडीवर उभी असतात नि तुमच्या रिकाम्या मालगाड्या पुढं जातात! एका बाईची नोकरी टांगणीला लागलीय तुमच्या सिग्नलपायी. पाणीसुद्धा नाही तुमच्या नळाला. आणि तुम्ही बरेचदा म्हणता?"

वही पिशवीत होती. तिच्यात गेल्या एप्रिलपासून या एप्रिलपर्यंतचा आकडा होता, एकशे एक्केचाळीस दिवस. मी आदल्या दिवशीच बेरीज केली होती. पण रागाला एकशे एक्केचाळीस पुरेना. मी फाइल काढली. स्थळप्रतींची फाइल, चांगली वीतभर जाड. ती मी टेबलावर आपटली, इतकी की जगातलं पाणी हिंदकळलं.

"दोनशे बारा दिवस! वर्षातले दोनशे बारा दिवस गाडी लेट! हे आम्ही म्हणत नाही. तुमच्याच स्टेशनचा शिक्का आहे, तुमच्याच मास्तरांची सही आहे प्रत्येकावर. नाकारा आता!"

गुट्टे सरांनी टेबलावर थाप मारली. बापू "वा!" म्हणाला.

अधिकाऱ्यांनी फाइल जवळ ओढली. पानं उलटली. एक उलटलं, दहा उलटली. मग बाजूच्या माणसाकडे हात केला, त्यानं एक छापील तक्ता दिला. दोन्ही शेजारी ठेवून ते बोटानं खाली सरकत राहिले.

"उत्तम ठेवलंय तुम्ही हे," ते म्हणाले. मला खरंच अभिमान वाटला. "तारखेवार आहे, म्हणून पटकन कळलं. आमच्या नोंदीत एकशे एक्केचाळीस दिवस उशीर आहे."

काही क्षण मला आनंदच झाला. माझा आकडा त्यांच्याशी तंतोतंत जुळला होता.

"उरलेल्या एकाहत्तर दिवशी गाडी वेळेवर होती," ते म्हणाले. "मग हे एकाहत्तर दिवसांचे दाखले कोणी दिले?"

येरावारांचं हसू तिथंच राहिलं होतं, पण आता ते कुणाकडे बघून नव्हतं.

"आणि हे हस्ताक्षर," अधिकारी आणखी हळू म्हणाले, "मास्तरांचं दिसत नाही."

पुढचं वेगानं झालं. रेल्वेनं एखादं काम इतक्या वेगानं केलेलं मी आयुष्यात पाहिलं नाही. चौथ्या दिवशी येरावार निलंबित. स्टेशनचं रजिस्टर चौकशीसाठी सीलबंद. आणि दहाव्या दिवशी जिल्ह्यातल्या सगळ्या कार्यालयांना पत्र: सदर स्टेशनवरून सदर कालावधीत दिलेले उशिराचे सर्व दाखले संशयास्पद असून ते ग्राह्य धरू नयेत. ते पत्र आमच्या ऑफिसात आलं तेव्हा त्याला आवक क्रमांक मीच दिला.

आम्हा कायम नोकरांचं फारसं बिघडलं नाही. काहींच्या रजा कापल्या गेल्या. संघटनेचे लोक साहेबांना भेटले, 'खुलासा समाधानकारक' असा शेरा बसला. बापूची तर कापलेली रजाही परत आली. कशी, ते त्यालाच माहीत. गाडी लेट होतीच. आम्ही शिव्या देत होतोच.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात इंदू माझ्या समोरच्या बाकावर येऊन बसली. त्या दिवशी पेटी नव्हती, नुसती पर्स.

"भाऊ, माझे चार उशीर पुन्हा धरले. जानेवारीतला एक माझा, असे पाच झाले. उपसंचालक म्हणतात, ऑर्डर निघत नाही."

"रेल्वेकडून खात्री करून घ्या म्हणावं ना त्यांना! स्टेशनचं रजिस्टर आहे."

"पत्र पाठवलंय. चौकशी संपेपर्यंत रजिस्टर कोणाला दाखवत नाहीत म्हणे. चौकशी सहा महिने चालेल. तीस जूनला किती दिवस राहिले?"

ते तिलाही माहीत होतं, मलाही.

"साहेब वाईट नाहीत," ती म्हणाली. "ते म्हणाले, त्या चार दिवसांची दुसरी कुठली रोजची नोंद असेल, कोणी सरकारी माणसानं ठेवलेली, तर ती मी मानतो. पण मूळ नोंद पाहिजे. उतारा नको, उतारा कोणीही काढतो. मी त्यांना तुमच्या वहीचं सांगितलं."

बापूनं शेंगा सोलायचं थांबवलं.

"बुधवारी चार वाजता बोलावलंय," ती म्हणाली. "याल ना?"

"येतो की," मी म्हणालो. तोंडून गेलंच.

ती पुढच्या स्टेशनवर मैत्रिणीकडे बायकांच्या डब्यात गेली. ती गेल्याबरोबर गुट्टे सर माझ्या बाकावर सरकले.

"टेकाळे, त्या वहीत नावं आहेत?"

"आहेत."

"आणि?"

"आणि लाल टिंब."

"लाल टिंब कशाला घातलंत, मायला!" बापू ओरडला. "दिवाळीतल्या रांगोळीत घालायची होती!"

"माझे किती?" गुट्टे सरांनी विचारलं.

"एकतीस."

सर खिडकीबाहेर बघू लागले. त्यांना त्या वर्षी प्राचार्य व्हायचं होतं. थोड्या वेळानं अगदी शिकवणीतल्या आवाजात म्हणाले, "हे बघा. माणुसकी मलाही कळते. पण ती वही एकदा टेबलावर गेली की चार तारखा बघून मिटत नाहीत. फाइलीतल्या चिठ्ठ्या मास्तराची चूक म्हणून खपल्या, पण त्या टिंबांवरून आपण जाणूनबुजून केलं हे दिसतं. खोटा दस्तऐवज केल्याची कलमं लागतील. आणि त्यावर अक्षर कुणाचं आहे, टेकाळे?"

"पानं फाडून चारच न्या की," एक जण म्हणाला.

"फाडता येत नाहीत," मी म्हणालो. "नंबर घातलेत."

"तुमचे स्वतःचे किती?" बापूनं हळूच विचारलं.

"चौदा."

"मग झालं तर," तो म्हणाला आणि पुन्हा शेंगा सोलायला लागला.

तीन दिवस मी फक्त चिडत होतो. रेल्वेवर, त्या हळू बोलणाऱ्या अधिकाऱ्यावर, गुट्टे सरांवर, येरावारांवर. त्या माणसानं आम्हाला कोरे कागद दिलेच कशाला? एका रात्री जेवताना बायकोवर चिडलो, आमटीत मीठ जास्त म्हणून. नव्हतं जास्त. इंदूवरही चिडलो. हिला कोणी सांगितलं होतं साहेबांना वहीचं सांगायला? माझ्या निवृत्तीला सात वर्षं होती. चौदा लाल टिंबं. पुन्हा पुन्हा मोजून चौदाच येत होती.

बुधवारी मी गेलो. वही घरी होती.

उपसंचालकांचं नाव आता आठवत नाही, चेहरा आठवतो. वयस्कर, थकलेले, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून वाचून डोळे बारीक केलेले. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला. इंदू उभीच होती.

"टेकाळे, बाईंचं काम चोख आहे, म्हणून मी हा खटाटोप करतोय," ते म्हणाले. "पलीकडच्या तालुक्यातल्या चार गावांची कावीळ यांनी वेळेत पकडली होती. पण फाइलवर मला काहीतरी लागतं. तुमच्याकडे गाडीच्या वेळांची वही आहे म्हणे?"

"नाही साहेब."

मला वाटलं होतं की हा शब्द घशात अडकेल. अडकला नाही. रोज दहा वेळा उच्चारल्यासारखा आला.

"नाही?"

"अधूनमधून कागदावर लिहायचो. जपून असं काही ठेवलं नाही. बाईंचा काहीतरी गैरसमज झाला असेल."

उपसंचालकांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी चहाच्या कपाकडे पाहिलं. त्यावर निळी रेघ होती, एका बाजूला तुटलेली.

"बरं," ते म्हणाले आणि त्यांनी फाइलची दोरी बांधली. मग थोडं थांबून, जणू मला एक शेवटचा दरवाजा उघडून द्यावा तसं म्हणाले, "वही नसली तरी तोंडी काही सांगता येईल? लेखी जबाब देता? त्या चार दिवशी गाडी लेट होती, एवढंच."

"तारखा लक्षात कशा राहणार साहेब," मी म्हणालो. "गाडी रोजच लेट असते."

ते खिन्नपणे हसले. गाडीविषयी सगळेच हसतात तसं.

आम्ही बाहेर आलो. आवारात निलगिरीची झाडं होती, खाली रिकाम्या बाटल्यांचे क्रेट रचलेले. मी चपला घालण्यात उगीच वेळ काढला. वाटलं, ती रडेल. रडली असती तर मी काहीतरी बोललो असतो. निदान त्या रेल्वेला एक शिवी घातली असती. ती रडली नाही. क्रेटवर पर्स ठेवून तिनं पदर खोचला, भांडायला उभी राहिल्यासारखा.

"माझे चार दिवस कोणते, टेकाळेभाऊ?"

"अं?"

"तारखा. आत तुम्हाला आठवत नव्हत्या. आता इथं कोणी नाही."

मी इकडे तिकडे पाहिलं. खरंच कोणी नव्हतं. आणि मग, का ते अजून कळत नाही, मी सांगायला लागलो.

"एकोणतीस ऑगस्ट. शुक्रवार. निमटेकला इंजिन बंद पडलं. एक तास पस्तीस मिनिटं."

"पुढं."

"तीन नोव्हेंबर, सोमवार. क्रॉसिंगला एक तास पाच. सतरा फेब्रुवारी, मंगळवार, फाटकावर ट्रॅक्टर अडकला होता, पन्नास मिनिटं. आणि चौदा एप्रिलच्या सुट्टीनंतरचा दिवस. पंधरा. पंच्याऐंशी मिनिटं. तुम्ही थर्मासची पेटी मांडीवर घेऊन बसला होता."

एकदाही अडखळलो नाही. शाळेत कविता म्हणून दाखवावी तसं झालं. ती शेवटपर्यंत ऐकत होती, मान थोडी कलती करून. बाटलीतलं पाणी उजेडात धरून बघताना ती तशीच मान करत असणार.

"एवढंच आत म्हणायचं होतं," ती म्हणाली.

तिनं पर्स उचलली आणि फाटकातून बाहेर पडली. स्टेशनच्या रस्त्याला न लागता ती एसटी स्टँडकडे वळली. त्यानंतर ती आमच्या गाडीत कधी दिसली नाही. एक जुलैची ऑर्डर निघाली नाही, एवढं मला नंतर दुसऱ्याच कोणाकडून कळलं. या गोष्टीला आता बावीस वर्षं झाली. त्या वहीवर कोणी कधी हात ठेवला नाही. मला पूर्ण पेन्शन आहे.

पण त्या बुधवारी, ती वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत मी तिथंच उभा होतो. मग घड्याळ बघितलं. पाच वाजून वीस. गाडी पाच चाळीसची. ती लेट असणार हे जिल्ह्यात माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

तरी मी पळत सुटलो.